चार नंबरच्या डोहाची परवानगी

बेनीकाका झिराडकरांच्या कोटाच्या आतल्या खिशात स्कॉटलंडमधला सामन मासा पकडण्याची लेखी परवानगी असायची. दरवर्षी नवी, सहीशिक्क्यानिशी. सामन मात्र त्यांनी आजवर एकही पकडलेला नव्हता, आणि त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. "मासा काय, आला तर आला. कागद पाहिजे," असं म्हणून ते कोटावरून हात फिरवायचे आणि कागद जागेवर आहे ना याची खात्री करून घ्यायचे.

लंडनमध्ये एजवेअरला त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीला पाठ लावून उभं होतं. १९८३ साली आम्ही तिथे राहायला गेलो, त्या पहिल्याच आठवड्यात दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत पडली. शुद्ध मराठीत लिहिलं होतं: 'येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या समाईक भिंतीत एक खिळा (दीड इंची) ठोकण्याचा विचार आहे. हरकत असल्यास शनिवारपूर्वी लेखी कळवावे. आपला, बी. एस. झिराडकर.' माझी बायको मीनल म्हणाली, हा कुणीतरी आपल्याला टोमणा मारतोय. मी मुळात भित्रा माणूस. त्यात कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात नोकरी, त्यामुळे शेजाऱ्यांची भांडणं कुठल्या थराला जातात ते रोज बघायचो. मी मुकाट्याने चिठ्ठीखाली 'हरकत नाही' असं लिहून सही केली आणि त्यांच्या दारात टाकून आलो.

तेव्हापासून माझ्या सहीवाचून त्या घरात पान हललं नाही. खिळे, कुंपण कापणं, पाहुण्यांची गाडी अर्धा तास आमच्या दारासमोर उभी करणं, सगळ्याला चिठ्ठी. एकदा आम्ही लेस्टरला गेलो होतो आणि उत्तर द्यायचं राहून गेलं, तर त्यांचं नव्या वर्षाचं कॅलेंडर तीन आठवडे जमिनीवर भिंतीला टेकून उभं होतं. हे मला त्यांच्या बायकोने, एस्तेरकाकूंनी सांगितलं. कपाळाला हात लावत त्या असंही म्हणाल्या की, माझ्याशी लग्न करतानासुद्धा ह्यांनी तीन ठिकाणी अर्ज केला होता.

झिराडकर मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्यातले. धर्माचे नियम काका कसोशीने पाळत. मटण त्यांच्या पद्धतीने कापलेलं असेल तरच. माशाला खवलं आणि पर दोन्ही हवीत, म्हणजे कोलंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्या नाहीत. अलिबागच्या माणसाने कोलंबीवाचून जन्म काढायचा, याहून मोठी तपश्चर्या मला माहीत नाही.

परवानगीचं वेड मात्र धर्मातून आलेलं नव्हतं, नोकरीतून आलं होतं. काका आधी कल्याणला आणि नंतर इकडे लंडनला, दोन्हीकडे मिळून छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते. तिथला नियम त्यांनी मला निदान पन्नास वेळा समजावून सांगितला असेल. आपल्याकडून गाडी सोडायची तर आधी पुढच्या केबिनला घंटा द्यायची: लाइन क्लिअर आहे का? पुढच्याने तीच घंटा तशीच उलट दिली की लाइन मिळाली. नाही दिली तर गाडी उभी. मग गाडीत कुणीही बसलेलं असो. "विचारल्याशिवाय सोडलेली गाडी दुसऱ्या गाडीत शिरते, शिरीष," ते मला म्हणायचे. मग थांबून, "आणि विचारणाऱ्याला उत्तर न देणं हा तर गुन्हाच." आमच्याकडे चहाला आले तरी दारातून विचारायचे, "लाइन क्लिअर?" मीनल आतून ओरडायची, क्लिअर, या.

अशा माणसाच्या घरात १९८५ साली काय झालं ते आमच्या भिंतीतून आम्हाला ऐकू आलं. ऐकू आलं म्हणण्यापेक्षा काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यानेच आम्ही घाबरलो. त्यांची एकुलती एक मुलगी रीना नर्स होती. स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात तिने नोकरी धरली होती. एस्तेरकाकूंनी मागाहून सांगितलं त्याप्रमाणे, त्या दिवशी ती एका उंच, लाल दाढीच्या, बुजऱ्या माणसाला घेऊन आली. त्याचं नाव इवन. एका मोठ्या जमीनदारी इस्टेटीवर तो शिकारी लोकांना हरणांमागे डोंगरात घेऊन जायचा, नदीवर सामन धरायला आलेल्यांची बडदास्त ठेवायचा. रीना म्हणाली, पप्पा, आम्ही लग्न करतोय. काका एवढंच म्हणाले, "मला कुणी विचारलं?" आणि वर जाऊन झोपायच्या खोलीत बसले. इवन दोन तास खाली चहाचा कप हातात धरून बसून राहिला. मग दोघं गेली.

लोकांना काकांनी कारण दिलं की तो हरणं मारतो, रक्ताचं मांस खातो. काही अंशी खरंही होतं ते. लग्न रजिस्टर झालं. एस्तेरकाकू एकट्या गाडीने गेल्या, चार दिवस राहून आल्या. दोन वर्षांनी काकू वारल्या. रीना आली. त्यांच्यात सात दिवस सुतक पाळतात, जमिनीलगत बसून. बाप आणि मुलगी सात दिवस एका खोलीत समोरासमोर बसले, आल्यागेल्यांशी बोलले, आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता आठव्या दिवशी ती परत गेली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून बेनीकाकांना मासेमारीचा नाद लागला.

लंडनपासून तासाभरावर तळी आहेत, ट्राउट मासे सोडलेली. काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना सहाशे मैल वर, सदरलंडच्या किनाऱ्यावरच धरायचे होते मासे, आणि तेही बरोबर इवन कामाला होता त्याच इस्टेटीच्या नदीत. एजवेअरमधल्या यच्चयावत मराठी माणसाला हे कळत होतं. कुणी बोलायचं नाही. आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने विचारायचो, काका, यंदा मासा कसा आहे? काकाही गंभीर चेहऱ्याने सांगायचे की पाऊस कमी, नदीला पाणी नाही, सामन अजून समुद्रातच घुटमळतोय.

जायचा आठवडाही ठरलेला, ऑगस्टचा शेवटचा. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यानंतर त्यांचे सण सुरू होतात, आणि त्यांतला मोठ्या उपासाचा जो दिवस, त्याच्या आत आपण ज्याचं मन दुखावलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची असते. "सणाच्या आत उरकायचं असतं," काका म्हणाले आणि लगेच गळांच्या किमतीवर बोलायला लागले. चार वर्षं ते गेले आणि चार वर्षं काही न उरकता परत आले.

१९९१ साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. आमच्या दारात चिठ्ठी पडली: 'आपणास सवड असल्यास आठ दिवस सारथ्य करावे.' मी कामावर होतो. घरी येईपर्यंत मीनलने माझ्या नावाने 'हरकत नाही' लिहून चिठ्ठी परत टाकली होती. मी चिडलो, तर ती म्हणाली, त्यांना एकटं पाठवायचं का? मी नकाशा काढून बसलो आणि काळजी करायला लागलो.

काळजी करायला जागाही भरपूर होती. काकांच्या छातीत अधूनमधून कळ येई, गोळी जिभेखाली ठेवायची. इनव्हर्नेसच्या वर गेलं की रस्ता एका गाडीपुरता होतो, समोरून गाडी आली तर कुणीतरी मागे जाऊन कडेच्या फुगवट्यात शिरायचं. मी घामाघूम. काका खूश. त्यांच्या मते तो सिंगल लाइन सेक्शन होता. प्रत्येक वळणावर मला हॉर्न द्यायला लावायचे आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत थांबवून ठेवायचे. उत्तर कोण देणार, मेंढ्या? मागे सात गाड्यांची रांग लागली, एक म्हातारी उतरून आम्हाला बरं नाही का म्हणून विचारून गेली, तरी गृहस्थ हलायला तयार नाही. साठ मैलांना चार तास लागले.

गावाबाहेर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पाइनचं जंगल अशा ठिकाणी मिसेस मॅकी नावाच्या बाईंचा कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, काका दरवर्षी भाड्याने घेत. ज्यात निषिद्ध काही शिजलं असेल ती भांडी त्यांना चालत नसत, म्हणून स्वतःची भांडी, स्वतःचा स्टोव्ह, आमसुलांची बरणी, सगळं घरून न्यायचं. बाई कडक चर्चवाल्या. रविवारी दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालायच्या नाहीत. हा माणूस शनिवारी काडीही इकडची तिकडे करत नाही म्हणून त्यांच्या मनात काकांबद्दल फार आदर. यांचं सगळं बरोबर आहे, फक्त एक दिवस आधी, असं त्यांचं मत होतं.

त्यामुळे मासेमारीचं गणित अवघड होतं. शनिवारी काकांचा देव मना करी, रविवारी सामन धरायला तिथला कायदा. परवानगी आठवड्याची, मिळायचे पाच दिवस. समुद्रात मात्र कुणीही कधीही गळ टाकावा, फुकट. काकांना हे पटणं शक्यच नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी बंदराच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून परवानगी मागितली होती. त्याने एका ओळीचं उत्तर पाठवलं की समुद्र सगळ्यांचा आहे. ते पत्र काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाइलला लावलं होतं. यंदा सोमवारी खडकावर उभं राहून अर्ध्या तासात त्यांनी अकरा बांगडे काढले, ती फाइल शेजारी दगडाखाली दाबून ठेवून.

मी तिथे उभा होतो तो फक्त चिलटं मारत. मिजेस म्हणतात त्यांना. नाकात, कानात, पापणीवर. वर जंगलाच्या बाजूने मधूनच बंदुकीचा आवाज यायचा आणि मी मान खांद्यांत घालायचो. हरणांच्या शिकारीचे दिवस होते. काकांनी दोघांसाठी रेल्वेतली भगवी जॅकिटं आणली होती. ती घालून आम्ही त्या तपकिरी माळावर असे दिसत होतो की आंधळ्यानेही आम्हाला हरीण समजू नये. तरी मी जमेल तेवढा वाकून चालत होतो.

मंगळवारी आम्ही नदीवर गेलो. इस्टेटीने नदीचे तुकडे पाडून डोहांना नंबर दिलेले असतात. काका दरवर्षी चार नंबरचाच डोह मागून घेत. मला मासेमारीतलं काही कळत नाही, पण तो डोह बघून माझीही निराशा झाली. गुडघाभर पाणी, तळाला शेवाळ, पलीकडे पडलेलं एक झाड. वरच्या डोहाशी दोन साहेब उभे होते, त्यांच्याकडे मासे उसळ्या मारत होते. मी म्हटलं, काका, तिकडची परवानगी का नाही काढली? गळ त्यांनी पाण्यात टाकला होता, पण बघत होते भलतीकडेच. मी त्या दिशेने पाहिलं. नदीपलीकडच्या चढावर, पाइनच्या झाडांना लागून एक पांढरं घर होतं. दोरीवर नर्सचे निळे झगे वाळत होते.

मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांना ते किती दिसत होतं कोण जाणे. "आज चार आहेत का रे?" त्यांनी विचारलं. मी मोजले आणि चार म्हणून सांगितलं. "म्हणजे कामावर जातेय. बरी आहे," ते म्हणाले. मला एकदम या माणसाचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून मी चिलटं मारत राहिलो.

संध्याकाळी दुधाची बाटली द्यायला मिसेस मॅकी आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की ही आपली नर्स आता जायची, फार वाईट वाटतं बघा. इवनला न्यूझीलंडला हरणांच्या फार्मवर काम मिळालंय. ऑक्टोबरच्या आत दोघं निघणार, कायमची. हे त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं, काकांकडे नाही. मला तेव्हाच समजलं की बाईंना सगळं माहीत आहे आणि दुधाची बाटली हे निमित्त आहे.

काका बांगड्याच्या कालवणात आमसूल घालत होते. त्यांनी आणखी एक घातलं. मग आणखी एक. आंबट कालवण आम्ही दोघांनी शेवटपर्यंत खाल्लं.

बुधवारी ते नदीवर गेलेच नाहीत. दिवसभर कॅराव्हॅनच्या खिडकीशी बसून होते. मधेच त्यांनी विचारलं की न्यूझीलंडला घड्याळ आपल्या पुढे असतं की मागे. मी पुढे म्हटलं. किती, तर साधारण बारा तास. "म्हणजे आपण उठू तेव्हा तिकडे झोपायची वेळ," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मी दोनदा त्यांच्या गोळ्यांची बाटली जागेवर आहे ना ते पाहिलं. हवापाण्यावर बोलून पाहिलं. घरी जाऊया का, असंही विचारलं. आपण अशा वेळी किती निरुपयोगी असतो हे मला त्या दिवशी नीट कळलं.

गुरुवारी सकाळी मी उठलो तर काका नव्हते. गळ कोपऱ्यात उभा. भगवं जॅकिट खुंटीला. आणि टेबलावर फाइल. परवान्याचा कागदही कोटातून काढून तिच्यावर ठेवलेला. माझं धाबंच दणाणलं. हा माणूस फाइल घेतल्याशिवाय संडासापर्यंत जात नसे. बाहेर धुकं इतकं की समुद्र नुसता ऐकू येत होता. तेवढ्यात वरच्या अंगाला बंदूक वाजली. मी पायजम्यावर कोट चढवून मिसेस मॅकींच्या दारात धावलो आणि काका हरवले म्हणून सांगितलं, पोलिसांना फोन करा म्हटलं.

बाई पाव भाजत होत्या. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. हरवले कसले, त्या म्हणाल्या. दरवर्षी परत जाण्याआधी एक सकाळ ते त्या नर्सच्या घराच्या फाटकाखालच्या पुलावर जाऊन उभे राहतात. तासभर. मग परत येतात. ती आतून पडद्याआडून बघते. सगळ्या गावाला ठाऊक आहे. यंदा दोन दिवस आधी गेले, एवढंच.

मी गाडी काढली. हॉर्न न देता सगळी वळणं घेतली.

काका पुलावरच होते. अंगात नुसता कोट, डोक्यावर टोपी, हात पाठीमागे. केबिनमध्ये असेच उभे राहत असतील. वीस पावलांवर फाटक, फाटकातून वर पायवाट, वर ते पांढरं घर, खिडकीत दिवा. मी गाडीतून उतरलो तेव्हा भीती जाऊन तिची जागा संतापाने घेतली होती. मोठ्या माणसाशी मी आयुष्यात असं बोललेलो नाही. मी म्हटलं, काका, पुरे झालं आता. सहा वर्षं तुम्ही म्हणताय मला कुणी विचारलं नाही. अहो, एवढ्या लांबून माणूस सोबत घेऊन ती आली ती नुसतं सांगायला? विचारायलाच आली होती ती.

ते पाण्याकडे वळले.

"हो," ते म्हणाले. "घंटा तिनं दिली होती."

"मग?"

"मीच उलट दिली नाही. केबिनमध्ये असं केलं असतं तर नोकरी गेली असती माझी." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "गाडी उभी आहे तिथेच. एस्तेर त्याच गाडीची वाट बघत गेली. जाताना म्हणाली होती मला, एकदा जाऊन या. मी येतो रे, दरवर्षी येतो. इथपर्यंत."

मी म्हटलं, मग चला ना पुढे.

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "त्या दाराची परवानगी कुठल्या ऑफिसात मिळते, शिरीष?"

मी त्यांचा हात धरला. हात गार पडला होता. आम्ही फाटक उघडलं आणि चढायला लागलो. दर चार पावलांवर ते थांबायचे. मला वाटे, दम लागला, गोळी द्यावी का. पण ते दमले नव्हते, घाबरले होते. मीसुद्धा. तिने दार उघडलंच नाही तर या माणसाला पुन्हा खाली कसा न्यायचा, आणि मग पुढे एजवेअरला त्याच्या भिंतीपलीकडे कसं राहायचं, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं.

दार ठोठावावं लागलं नाही. आम्ही अर्ध्यावर असतानाच ते उघडलं. रीना अंगणात येऊन उभी राहिली. पायात मोजे, बूटसुद्धा नाहीत. एवढ्या वर्षांत ती अगदी एस्तेरकाकूंसारखी दिसायला लागली होती.

काका तिच्यासमोर दोन हातांवर थांबले. मग ते म्हणाले, "रीना, चूक माझी झाली. आत येऊ?"

"पप्पा," ती म्हणाली, "इतकी वर्ष तू त्या ब्रिजवर उभा राहतो. आय कीप थिंकिंग, आज येईल, आज येईल. ये ना. थंडी आहे." आणि ती बापाच्या कोटाची बटणं लावायला लागली, घरात जाऊन काढायचाच होता तरी.

आत गेल्यावर कुणी काय बोललं ते मला क्रमाने आठवत नाही. रीनाने चहा कागदी कपात दिला, सांगावं न लागता. थोड्या वेळाने मागच्या दाराने इवन आला. दाढी पिकायला लागली होती. काकांना बघून दारातच थबकला आणि त्याने ओली टोपी हातात घेतली. काका उठून उभे राहिले. दोघांनी हात मिळवले. मग काकांनी विचारलं की यंदा नदीला पाणी कसं आहे.

इवनने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. पाणी बरं आहे, पण चार नंबरच्या डोहात मासा नाही. वर बांध फुटला त्या वर्षापासून नाही. इस्टेटीने तो डोह यादीतून केव्हाच काढून टाकलाय, कुणाला देत नाहीत.

काका गोंधळले. मग माझा कागद, त्यांनी विचारलं. तुमच्यापुरता मी टाइप करतो, इवन म्हणाला. शिक्का ऑफिसातला. सही माझी. तिथून घर दिसतं, म्हणून नाही म्हटलं नाही.

पाच वर्षं बेनीकाका जावयाची सही छातीशी धरून हिंडत होते. मला हसू यायला हवं होतं.

इवन बाहेर जाऊन बादलीत तीन ट्राउट घेऊन आला, सकाळी डोंगरातल्या तळ्यात धरलेले, अख्खे, पोट न फाडलेले. त्याने बादली काकांसमोर ठेवली आणि मागे सरकून उभा राहिला. रीनाने शिकवलं असणार. काकांनी एक मासा उचलला, नखाने पाठीवरून उलटं ओरबाडलं, नखाला लागलेली खवलं खिडकीतल्या उजेडाला धरून पाहिली. मान डोलावली.

रीना कपाटाशी गेली. वरच्या फळीवर, सगळ्या भांड्यांच्या मागे, कागदी पिशवीत काहीतरी होतं, ते तिने स्टुलावर चढून काढलं. नवीन तवा. दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं, पिवळं पडलेलं. "मम्मी वेडिंगला आली होती ना, तेव्हाच म्हणाली," ती म्हणाली, "पप्पा आला तर आपली भांडी त्याला चालणार नाही. नवीन एक ठेव. सो आय केप्ट इट. कुणाला हात लावून दिली नाही."

काकांनी तवा दोन्ही हातांनी घेतला. अंगठ्याने ते लेबल काढायला लागले. सहा वर्षांचा डिंक, तो कसला निघतोय. ते खाली मान घालून खरवडत राहिले, आणि रीना शेजारी उभी राहून बघत होती, आणि कुणीही त्यांना गरम पाण्यात भिजवा म्हणून सांगितलं नाही.

मी गाडी नीट लावली आहे का ते बघून येतो म्हणालो आणि बाहेर आलो. गाडी नीटच लावलेली होती. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.